बाकी राहिलेला रुसवा

इंद्रजीत शेजूळ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भरदार मिशांचा, ढालीएवढ्या छातीचा गडी उभा राहतो. नाव आजोबांनी ठेवलं आणि वर्षाच्या आत ते वारले, त्यामुळे त्यांना जाब विचारायची सोय राहिली नाही. प्रत्यक्षातला इंद्रजीत पन्नाशीला टेकलेला, काडीसारखा, वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस. घाम आला की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा. पण नावाचं काय घेऊन बसायचं? देवगाव रंगारीत, म्हणजे त्याच्या सासुरवाडीत, त्याला या नावानं कुणी ओळखतच नव्हतं. तिथं तो 'घेरीवालं पाव्हणं' होता.

त्याचं असं झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, भर दुपारचा मुहूर्त. नवरदेवाच्या अंगात जाड सूट, डोक्यावर फेटा, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून मिरवणूक निघाली आणि चावडीसमोर नवरदेवाला घेरी आली. तो जो कलंडला तो थेट बँडवाल्याच्या ढोलावर. ढोल फाटला. नवरदेवाला बाजेवर टाकून लिंबाखाली नेलं, कांदा फोडून नाकाला लावला, आणि अक्षता कशाबशा उरकल्या. पंगतीत त्यानं ताकभात खाल्ला.

नवरदेवानं पंगतीत रुसायचं असतं. ताटाला हात लावायचा नाही, सासऱ्यानं विनवण्या करायच्या, अंगठी म्हणा, घड्याळ म्हणा, काहीतरी कबूल करायचं, मग घास घ्यायचा. इंद्रजीतला रुसायचंही त्राण नव्हतं. सासरे बन्सीमामा त्यानंतर दर भेटीत म्हणायचे, "पाव्हणं, तुमचा एक रुसवा आमच्याकडं बाकी हाय बरं का." आणि ओसरीवरची सगळी मंडळी तोंडाला रुमाल लावून हसायची. इंद्रजीतही हसायचा. दुसरं करणार काय?

सायकल त्याच्या आयुष्यात आली तीही चोरपावलांनी. मुलगी संस्कृती पुण्याला शिकायला गेली आणि तिची गिअरची जांभळी सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली. एका रविवारी त्यानं ती पुसली. पुसली तर हवा भरली, हवा भरली तर छावणीपर्यंत जाऊन आला. पुढच्या रविवारी पडेगाव, त्याच्या पुढच्या रविवारी दौलताबाद. वर्षभरात त्याला एक गोष्ट कळली, आणि ती त्यानं बायकोला, तनुजालाही सांगितली नाही: त्याचे पाय चांगले होते. बाकीच्या अंगाबद्दल तो हमी देऊ शकला नसता, पण पाय खरोखर चांगले होते.

म्हणून सावनीच्या मंडळानं शंभर किलोमीटरची सामुदायिक सायकल-फेरी जाहीर केली तेव्हा त्यानं नाव दिलं. सावनी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायची आणि रविवारी त्याच लोकांना सायकलवर दामटायची. फेरी होती पैठणची, सपाट रस्ता. नियम सरळ होते. परतायच्या ठिकाणी हँडलला नारिंगी फीत बांधून घ्यायची आणि दुपारी दोनच्या आत क्रांती चौकात हजर व्हायचं. वाटेत जो गाडीत बसला, त्याला पदक नाही.

फेरीच्या आठ दिवस आधी मोबाइलवर संदेश आला. पैठण रस्त्यावर काम चालू असल्यानं मार्ग बदलला आहे. दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ, कसाबखेडा. परतायचं ठिकाण देवगाव रंगारी.

इंद्रजीतनं संदेश तीनदा वाचला. घाटाची त्याला भीती नव्हती. घाट त्यानं चढून पाहिला होता. पण त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. सासुरवाडीहून दर आठवड्याला निरोप येत होता आणि दर रविवारी सराव बुडू नये म्हणून इंद्रजीतनं तनुजाकरवी कळवलं होतं की पाय मुरगळलाय. तिकडं त्याच्याबद्दल असं काहीही लगेच पटायचं. सासूबाईंनी उलट एसटीच्या कंडक्टरच्या हाती मालिशचं तेल धाडलं होतं.

"आता?" तो तनुजाला म्हणाला.

"आता काय? चाललात तसे जा, आलात तसे या," तनुजा भाजी निवडत म्हणाली. "मला विचारलं तर मी काही सांगणार नाही."

"तुझ्या माहेरच्यांनी मला तिथं पाहिलं ना, तर जेवू घालून, झोपवून, गाडीत घालून घरी पोहोचवतील. सायकलसकट."

"मग बरंच की."

"बरंच कसं? मला जायचंय ते सायकलवर, आणि यायचंय तेही सायकलवर. त्या गावातून मी एकदा आडवा गेलोय, तनू. या खेपेला उभा जायचंय."

तनुजानं मेथीची काडी मोडली आणि त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

*

रविवारी पहाटे क्रांती चौकात तीसेक सायकली जमल्या. इंद्रजीतनं पहिल्यांदाच ती बुडाशी गादी शिवलेली काळी घट्ट चड्डी घातली होती आणि तो शक्यतो भिंतीकडे पाठ करून उभा होता. सावनीनं सूचना दिल्या. एकामागं एक चालायचं, पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं हात खाली करून "खड्डा!" ओरडायचं, ते मागपर्यंत पोहोचवायचं. सर्वांत शेवटी दत्तोपंत राहतील.

दत्तोपंत कानडे हे बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीकडे झुकलेले, पांढऱ्या टोकदार दाढीचे गृहस्थ. मंडळात त्यांना 'झाडू' म्हणत, कारण मागं राहिलेल्यांना गोळा करत येणं हे त्यांचं काम.

"शेजूळ, पहिलीच ना मोठी फेरी?" त्यांनी विचारलं. "मग आपली ओळख होणारच."

"नाही होणार, पंत," इंद्रजीत म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तरानं दचकला.

पडेगावपर्यंत खड्ड्यांच्या आरोळ्या इतक्या झाल्या की पुढच्यांचे घसे बसले. शेवटी कुणीतरी सुचवलं की उलटं करू. जिथं खड्डा नसेल तिथं "रस्ता!" म्हणून ओरडू. त्यानंतर दौलताबादपर्यंत बरीच शांतता होती.

किल्ल्याच्या पायथ्याचा तो जुना दगडी दरवाजा ओलांडला आणि घाट लागला. इंद्रजीतची चढायची एक रीत होती. वर बघायचं नाही. पुढच्या चाकाच्या हातभर पुढं बघायचं, हलका गिअर टाकायचा आणि पाय जात्यासारखे फिरवत राहायचे. दळणाऱ्या बाईला कुठं घाई असते? दोघे-तिघे तरुण त्याला ओलांडून सूं करत गेले. वळणावर तेच कठड्याला टेकून धापा टाकताना दिसले. इंद्रजीत दळत दळत त्यांच्या पुढून गेला. खुलदाबादच्या माथ्यावर पोहोचला तेव्हा त्याच्या पुढं फक्त नऊ सायकली होत्या.

वेरूळला अधिक श्रावणातल्या रविवारची गर्दी होती. ती चुकवून कसाबखेड्याच्या पुढं गेले तसा मोकळ्या रानातला पश्चिमेचा वारा समोरून छातीवर आला. दोन्हीकडं मका आणि कपाशी, वर आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. अशा वाऱ्यात चाकामागं चाक लावून जायचं. पुढच्यानं वारा खायचा, तो दमला की बाजूला सरून मागं यायचं. आळीपाळीनं करत इंद्रजीतची पाळी आली. तो पुढं झाला. डोकं खाली, कोपरं आत. मागून चाकांची एकसारखी सरसर येत होती.

त्याच्या मनात आलं, लग्नानंतर आज पहिल्यांदाच आपण एका मिरवणुकीच्या पुढं आहोत. आणि अजून बसलेलेच आहोत.

*

देवगाव रंगारीच्या फाट्यावर मंडळाची पोरंपोरी केळी आणि पाणी घेऊन उभी होती. सावनीनं स्वतः जांभळ्या सायकलच्या हँडलला नारिंगी फीत बांधली.

"सर, लपून बसला होतात की काय इतके दिवस? पुढच्या दहात आहात तुम्ही."

इंद्रजीतनं केळं सोललं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गावाकडं पाठ केली. मागचे सगळे येईपर्यंत थांबायचं होतं. आणखी पाच मिनिटं. मग वारा पाठीशी, आणि पुढं फक्त वेरूळचा घाट.

"दाजी?"

त्यानं केळं तोंडातच धरलं. मागं त्याचा मेहुणा कडुबा उभा होता. खांद्यावर टॉवेल, कंबरेवर हात.

"दाजी, तुमचा तर पाय मुरगळला व्हता ना?"

"मुरगळला होता."

"मंग?"

"बरा झाला."

"कवा?"

"आत्ताच. वाटेत."

कडुबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर मध्येच अडकली. "अन् पँट? ती बी वाटंतच ऱ्हायली का?"

"ही सायकलची असते, कडुबा."

"सायकलची हाय तर सायकलला घाला की." त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून दाजींच्या कंबरेला गुंडाळला. "आईम्होरं असं नेलं तर ती चुलीत तोंड लपवील. चला."

"मला घरी येता येणार नाही. वेळ ठरलेली आहे, दोनच्या आत पोहोचायचंय..."

"दाजी, धोंड्याचा महिना हाय. जावई येशीवरून तसाच माघारी गेला तर लोकं काय म्हंतील? बन्सीला पुरण परवडंना म्हंतील. तुम्ही जाताल निघून. आम्हाला इथंच ऱ्हायचंय."

इंद्रजीतनं आशेनं सावनीकडे पाहिलं. तिनं घड्याळ पाहिलं.

"अर्धा तास," ती म्हणाली. "त्यापेक्षा जास्त लागला तर तुम्ही दोनपर्यंत पोहोचत नाही, सर. आणि पंत, तुम्हाला थांबावं लागेल."

नुकतेच पोहोचलेले दत्तोपंत सायकलवरून उतरले. "झाडू शेवटच्या माणसाच्या मागं राहतो," ते गंभीरपणे म्हणाले. "शेवटचा माणूस जेवायला गेला तर झाडूनं काय करायचं हे नियमात नाही. मी जेवायला जातो."

*

घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात कडुबाची पिकअप उभी होती, एरवी बाजाराला आल्याची पोती नेणारी. आज ती धुऊन लख्ख केलेली होती आणि मागच्या हौद्यात गोणपाटं अंथरलेली होती, एकावर एक, नीट. सायकलीला ओरखडा नको म्हणून अंथरावीत तशी.

आणि घरभर शिजलेल्या पुरणाचा वास. इंद्रजीत उंबऱ्यातच थबकला. पुरण काही पाच मिनिटांत शिजत नाही.

"कडुबा, खरं सांग. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आक्कानं. चार दिसांमागंच. म्हणली, रविवारी दाजी येतेत, पायासकट."

"मग फाट्यावर एवढं नवल करत होतास ते?"

"मज्जा आली ना?"

ओसरीवर बन्सीमामा लोडाला टेकून बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, पण आवाज अजून बांधावरून बांधावर पोहोचणारा. "या, पाव्हणं, या! अन् हे कोण म्हनायचे?"

"दत्तोपंत कानडे," पंतांनी हात जोडले.

"कानडे? म्हंजी बामण?" मामांचा चेहरा उजळला. "आरं, अधिकात जावई अन् बामण एकदमच दारात! तेही सायकलवर! साळू, ऐकलं का? आणखी एक पाट मांड."

सासूबाई, साळूबाई, आत दाराआड उभ्या होत्या. कपाळाखाली ओढलेला पदर आणि त्याखालून दिसणारी हनुवटी, एवढीच त्यांची ओळख इंद्रजीतला बावीस वर्षांत झाली होती. त्या जावयाशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. जुनी रीत. बोलायचं झालं तर त्या भिंतीशी बोलत, मांजराशी बोलत, नाहीतर कडुबाशी.

"कडुबा," दाराआडून आवाज आला, "पाव्हण्याला इचार, म्या धाडलेलं तेल लावलं का म्हणावं."

"लावलं, मामी. रोज लावलं," इंद्रजीत म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. सरावानंतर त्यानं पोटऱ्यांना दुसरं काही लावलंच नव्हतं.

पाट मांडले. ताटात वाफाळते धोंडे, त्यावर तुपाची धार. बाजूला वाण: दिवा, शर्ट-पँटचं कापड आणि पितळी डब्यात तेहतीस अनारसे. दत्तोपंतांनी पहिला धोंडा फोडला, डोळे मिटले आणि मग बराच वेळ ते मंडळाचे राहिले नाहीत.

"बेतानं जेवा," मामा म्हणाले. "जेवून घटकाभर पडा. उनं उतरली की कडुबा सोडील गाडीनं. दोघांलाबी."

"मामा, मला सायकलवरच जायचंय. आणि लगेच."

"पाव्हणं, उगं का जिवाला तरास? आलात, बघितलं, कौतिक वाटलं. आता वेरूळचा घाट, त्यात पोटात पुरण, अन् तुम्हाला तर मागं..."

मामा थांबले. पण तो शब्द ओसरीवर येऊन बसलाच. कडुबा खांबाकडं बघू लागला. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

इंद्रजीतला राग आला असता तर बरं झालं असतं. पण यात राग येण्यासारखं काही नव्हतं. ही माणसं त्याला जपत होती. बावीस वर्षं जपत होती. काचेच्या बरणीला जपतात तशी, फळीवरून खाली न काढता. इतक्या मायेशी भांडायचं कसं? 'नाही' म्हणावं तर अपमान, 'हो' म्हणावं तर गोणपाटावर जांभळी सायकल आणि तिच्या शेजारी आपण.

त्यानं ताटाकडं पाहिलं. घासासाठी पुढं केलेला हात मागं घेतला, मांडीवर ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "मी रुसलोय."

"काय म्हनले?"

"मी रुसलोय. माझा एक रुसवा तुमच्याकडं बाकी आहे. आज तो मला पाहिजे. तोवर ताटाला हात लावणार नाही."

दत्तोपंतांचा तिसरा धोंडा वाटेतच थांबला. मग मामा जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. कडुबानं पाठ चोळली, पाणी दिलं. हसू ओसरलं तसे मामा सावरून बसले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कडुबा, माझी टोपी आण."

टोपी आली. मामांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली. रुसवा काढायचा तो बोडक्या डोक्यानं कसा काढणार?

"बोला, पाव्हणं. बाप्याचा शब्द हाय. काय पायजे? अंगठी? मोटारसायकल?"

"सायकलच पाहिजे. माझीच. तिच्यावर मी पाहिजे. आणि मागं कुणी सोडायला यायचं नाही."

दाराआडून साळूबाई भिंतीला म्हणाल्या, "रुसव्यात एकच मागायचं आसतंय म्हणावं. हे तीन झाले."

दत्तोपंत पुटपुटले, "बरोबर आहे बाईंचं."

इंद्रजीतनं चष्मा वर सरकवला. "मग एकच मागतो. मला माझ्या पायांनी घरी जाऊ द्या."

मामा थोडा वेळ त्याच्या पायांकडं बघत राहिले. टॉवेलाखाली त्या दोन पोटऱ्या, बारीकच, पण वळलेल्या दोरासारख्या. शेतकऱ्याची नजर. बैलाचा पाय बघून किती नांगरणी होईल हे ओळखणारी.

"दिलं," मामा म्हणाले. "आता घास घ्या."

इंद्रजीतनं दोन धोंडे खाल्ले. सहा ठेवले होते. पण रुसलेल्या जावयाला कुणी आग्रह करू शकलं नाही, हा रुसव्याचा आणखी एक फायदा त्याला तेव्हा कळला. अनारसे पिशवीत बांधून हँडलला अडकवले. कापडाची घडी कडुबाकडं राहिली.

"कापड लवकर शिवून घ्या म्हणावं," दाराआडून भिंतीला सूचना गेली. "पँटच आदी."

निघताना मामा म्हणाले, "आम्ही काय कुणाला मागं धाडत नाय. शब्द म्हंजी शब्द. फकस्त कडुबाला वेरूळला काम हाय. ते काय रुसव्यात येत नाय."

*

वारा आता पाठीशी होता. कसाबखेड्यापर्यंत रस्ता असा सरला की पायांना काही कळलंच नाही. पंत मागून गुणगुणत येत होते. त्यांच्याही मागं, अदबीनं अंतर राखून, पिकअप.

वेरूळच्या घाटाला लागले आणि ढग फाटले. ऊन आलं ते श्रावणातलं, ओलं, चिकट. डांबरातून वाफा निघत होत्या. इंद्रजीतनं हलका गिअर टाकला, नजर चाकाच्या हातभर पुढं लावली आणि दळायला सुरुवात केली. पण पोटातले दोन धोंडे आता दोन धोंडेच झाले होते, दगडाचे. अर्ध्या घाटात, एका वळणावर, चाकापुढचा हातभर रस्ता हलला. मग बाजूची झाडं हलली. कानात बारीक शिट्टी वाजू लागली.

ती ओळखीची होती. बावीस वर्षांनी आली तरी आवाज तोच.

त्यानं ब्रेक दाबले आणि एक पाय खाली टेकवला. सायकल आडवी होऊ दिली नाही. मागं पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला.

"दाजी," कडुबा जवळ आला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "टाकू का सायकल मागं? कुणाला कळायचं नाय. आईशप्पथ."

पंतही थांबले. "शेजूळ, गाडीत बसण्यात लाज वाटायचं कारण नाही. मी दोनदा बसलोय."

"लाज नाही, पंत," इंद्रजीत डोळे मिटून म्हणाला. "सवय लागते."

तेव्हा घोड्यावर त्याला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. सूट दुसऱ्यांनी घातलेला, घोडा दुसऱ्याचा, मुहूर्त भटजींचा. आज सगळं त्याच्या हातात होतं. कंबरेचा टॉवेल परत द्यायचा राहिला होता, तो गळ्यात होता. तो त्यानं बाटलीतल्या पाण्यानं चिंब भिजवला आणि टोपी काढून डोक्यावर घेतला. पंतांनी पुढं केलेली मिठाची पुडी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला. मग उभा राहिला. झाडं हलायची थांबेपर्यंत, शिट्टी विझेपर्यंत. कडुबानं एकदा हात पुढं केला आणि आपणच मागं घेतला.

झाडं थांबली.

इंद्रजीतनं गिअर आणखी एक हलका केला, त्याच्या खाली गिअर नव्हताच. पाय पायडलावर ठेवला. सायकल दोनदा झोकांडली, मग सरळ झाली. अनारशांची पिशवी हँडलला झुलत होती. तिच्या झुलण्यावर त्यानं पायांचा ताल धरला. इकडं झुलली की डावा, तिकडं झुलली की उजवा. दळणाऱ्या बाईला कुठं घाई असते? एक वळण गेलं. आणखी एक गेलं. पिकअप मागं पहिल्याच गिअरमध्ये कण्हत होती. तिच्यापेक्षा आपल्या श्वासाचा आवाज कमी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला हसू फुटलं.

चढ संपला ते त्याला आधी पायांनी कळलं, डोळ्यांनी नंतर.

माथ्यावर त्यानं सायकल उभी केली तर कडुबा पिकअपमधून मोबाइल नाचवत धावत आला. "चढले! आई, चढले दाजी! हे बघ!" आणि त्यानं मोबाइल इंद्रजीतच्या तोंडासमोर धरला.

पडद्यावर अर्ध्या भागात घराचं छत होतं आणि उरलेल्या अर्ध्यात पदराची कड अन् एक हनुवटी. मागून मामांचा आवाज, "बोल की, बोल! दिसतेत ते तुला!"

साळूबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मोबाइलमध्ये भिंत नव्हती, मांजर नव्हतं. कडुबा पलीकडच्या बाजूला होता. मग पदर बोटभर वर गेला आणि इंद्रजीतला पहिल्यांदा त्यांचे डोळे दिसले. तनुजाचेच डोळे होते ते.

"पाव्हणं," त्या थेट म्हणाल्या, "घेरी तर नाय ना आली?"

"आली होती, मामी."

"अगं बाई! मंग?"

"मागं बसवून आणली. डबलसीट."

पडद्यावरचं सगळंच हललं. छत, पदर, हनुवटी. साळूबाई हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत.

इंद्रजीतनं अनारशांची पिशवी सोडली. पंतांना दोन दिले, कडुबाला दोन. टॉवेल पिळून त्याच्या खांद्यावर टाकला. "जा आता. वेरूळचं काम राहिलं असेल तुझं."

"झालं की काम," कडुबा अनारसा चावत म्हणाला.

पुढं सगळा उतार होता. दौलताबादच्या दरवाजातून जांभळी सायकल बाहेर पडली तेव्हा पंत दीडशे हात मागं होते आणि ओरडत होते, "शेजूळ, जरा हळू! झाडूला मागं टाकायचं नसतं!"

क्रांती चौकात दोन वाजायला अजून अवकाश होता. सावनीनं गळ्यात पदक घातलं. सगळ्यांनी अनारसे पळवले. गर्दीच्या कडेला तनुजा उभी होती, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काहीच ठाऊक नसल्याचा भाव.

"पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

"दोन्ही चांगले आहेत," इंद्रजीत म्हणाला आणि तिच्यासाठी लपवून ठेवलेला अनारसा तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो लगेच ओळखला. "आईचा! काय म्हणाली आई?"

इंद्रजीतनं चष्मा वर सरकवला.

"तुला कशाला सांगू?" तो म्हणाला. "आता आमचं थेट बोलणं आहे."